युद्धात छोट्या होडी-कारखान्याचं उत्पादन वाढतं की बोंबलतं?

अर्धवट_सुतार | शनि, २२:१०

मंडळी, गेले चार महिने फेअरमाइल बी या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मोटर लाँचचं १/७२ चं मॉडेल करतोय. (करतोय म्हणजे, सौ.च्या भाषेत, जेवायचं टेबल अडवून बसलोय.) खरी बोट ११२ फुटी, लाकडी. अशा साधारण ६५० बोटी १९४० ते ४५ मधे बनल्या आणि त्यातल्या कितीतरी कुठल्या अवाढव्य गोदीत नाही, तर युद्धाआधी हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी नि लाँच बनवणाऱ्या छोट्या यार्डांत बनल्या.

इथेच माझा किडा वळवळला. माझा आपला सरळ हिशोब होता की युद्ध म्हणजे ऑर्डरीच ऑर्डरी, मालक खूष. पण जरा खोलात गेलो तर लाकूड मिळत नाही, इंजिन मिळत नाही, पोरं भरती होऊन गेलेली, रात्री दिवा लावायची चोरी. मग एखाद्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यातून बोटी जास्त बाहेर पडायच्या की कमी? जाणकारांनी प्रकाश टाकावा, अजाणत्यांनी नेहमीप्रमाणे मतं टाकावीत.

बोंबील_बंडू | शनि, २२:१४

मी पयला! आता धागा वाचतो.

खारावारा | शनि, २३:०२

वाढतं. विषय संपला. पण झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

न्यू ऑर्लिन्सचे अँड्र्यू हिगिन्स. मूळचा लाकडाचा व्यापारी माणूस. लुइझियानाच्या दलदलीत फासेपारधी नि तेलविहिरीवाले फिरायचे त्यांच्यासाठी उथळ पाण्यात चालणारी ‘युरेका’ बोट बनवायचा. पंखा तळाच्या खोबणीत लपवलेला, त्यामुळे ओंडक्यावर, चिखलावर चढली तरी मोडायची नाही आणि उलटी मागे घेता यायची. १९३८ ला एकच यार्ड आणि पाऊणशेच्या आसपास माणसं. १९४३ मधे सात कारखाने नि वीस हजारांवर माणसं. युद्ध संपेपर्यंत २०,०९४ बोटी! नॉर्मंडीच्या फोटोत समोरचं दार धाडकन पडतं आणि सैनिक कंबरभर पाण्यात उतरतात ना, ती हीच, एलसीव्हीपी. ३६ फुटी, ३६ सैनिक. लाकूड आणि प्लायवूडचा सांगाडा, पुढचं दार तेवढं पोलादी.

सप्टेंबर १९४३ मधे अमेरिकन नौदलाकडे १४,०७२ नावा होत्या, त्यातल्या १२,९६४ हिगिन्सच्या डिझाइनच्या. शेकडा ९२. दलदलीतल्या होडीवाल्याने आरमार व्यापलं.

मृदुला_के | रवि, ०९:२०

खारावारा काका, आकडे बरोबर, पण लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघून लॉटरीचा धंदा फायद्याचा आहे असं म्हणण्यासारखं झालं हे. हिगिन्स एक. ज्यांच्याकडे नौदलाला हवं तसं डिझाइन तयार नव्हतं त्यांचं काय झालं ते बघा की.

आणि ‘डिझाइनच्या’ हा शब्द तुम्हीच लिहिलाय. त्या सगळ्या हिगिन्सने बांधल्या नव्हत्या. मिशिगनची क्रिस-क्राफ्ट, जी युद्धाआधी चकचकीत महोगनीच्या सहलीच्या बोटी विकायची, तिने हजारोंनी ही लँडिंग क्राफ्टं काढली. म्हणजे स्वतःचा माल बंद, दुसऱ्याच्या नकाशावरचा माल चालू. त्या कारखान्याचं उत्पादन वाढलं म्हणायचं का त्यांचा धंदा थांबला म्हणायचं? मला तरी दोन्ही वाटतं.

ब्रिटनमधे तर वेगळीच गोष्ट. १४ मे १९४० ला बीबीसीवरून घोषणा झाली की ३० ते १०० फुटी खाजगी बोटी असणाऱ्यांनी चौदा दिवसांत नौदल खात्याला तपशील कळवायचा. पंधरवड्याच्या आत डंकर्क, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य बोटींनी परत आणायची मोहीम. थेम्सवरच्या टेडिंग्टनच्या टफ यांच्या यार्डाने आजूबाजूच्या लाँचा गोळा केल्या, डागडुजी केली आणि पुढे पाठवल्या. त्या महिन्यात अशा यार्डातून नव्या बोटी किती बाहेर पडल्या असतील? आणि काम मात्र चोवीस तास. डागडुजी कुठल्या उत्पादनाच्या रकान्यात लिहायची ते आधी ठरवा, मग वाढलं की घटलं ते बोलू.

बोंबील_बंडू | रवि, ०९:३१

वाचला धागा. प्रश्न: सरकारने नेलेली बोट परत देताना पोचपावती मिळायची का, की आमच्या शेजाऱ्याने नेलेल्या शिडीसारखं?

मृदुला_के | रवि, ०९:४०

बंडू, नौदलाची जहाजं नि असल्या बोटी मिळून डंकर्कहून तीन लाख अडतीस हजार माणसं आणली. तुझ्या शेजाऱ्याने त्या शिडीवरून आंबे तरी काढले का?

ठोकळेबाज | रवि, ११:५५

होडीतलं मला ओ की ठो कळत नाही पण माझा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे, अठरा माणसं, आणि हा धागा वाचून मला माझीच जखम आठवली म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीचं (नाव नको) काम आलं, एवढं आलं की जुनी गिऱ्हाईकं आपोआप मागे पडली, दोन पाळ्या लावल्या, कर्ज काढून मशीन घेतलं, उत्पादन तिप्पट, घरचे म्हणायचे आता गाडी घे. आणि मग एका शुक्रवारी मेल आला की मॉडेल बदललं, पुढची ऑर्डर नाही. बास. जुन्या गिऱ्हाइकांकडे गेलो तर त्यांनी तोवर दुसरा माणूस धरलेला. तर सुतारभाऊ, उत्पादन वाढलं का हा प्रश्न मालकाला विचारायचा असेल तर कुठल्या वर्षी विचारताय ते महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे तुमच्या फेअरमाइलबद्दल. एवढ्या वेगवेगळ्या यार्डांनी एकसारखी बोट कशी काय बनवली? आम्हाला दोन वेल्डर एकसारखं काम करायला लावताना घाम फुटतो.

अर्धवट_सुतार | रवि, १२:३०

@ठोकळेबाज, वाईट वाटलं वाचून. आणि तुमचा प्रश्न म्हणजे फेअरमाइलचा आत्माच.

नोएल मॅकलिन नावाचे गृहस्थ होते, आधी इन्व्हिक्टा आणि रेल्टन या मोटारगाड्या काढलेल्या. बोटी बांधण्याचा धंदा त्यांचा नव्हे. पण त्यांनी ओळखलं की बोट-यार्डांत सगळ्यात जास्त वेळ खातं ते फळ्या-फळ्या मापून, तासून, बसवून बघणं. म्हणून सरेमधल्या कोबम फेअरमाइल इथल्या आपल्या घरातूनच त्यांनी कारभार चालू केला: बोटीच्या आडव्या चौकटी प्लायवूडमधून एका साच्यावर कापायच्या, त्यांना आधीच खाचा पाडायच्या, बाकीचे भाग फर्निचरवाल्यांकडून नि बारक्या कारखान्यांकडून करून घ्यायचे आणि सगळं किट यार्डाला पाठवायचं. यार्डाने जोडायचं, त्यावर महोगनीच्या दुहेरी तिरक्या फळ्या चढवायच्या, इंजिन बसवायचं, पाण्यात सोडायचं.

म्हणजे तुमच्या भाषेत जॉबवर्क. कपाटं करणारा माणूस युद्धनौकेची बरगडी करत होता आणि बहुतेक त्याला ती बोटीत कुठे बसते हेही माहीत नसेल.

खारावारा | रवि, १३:१५

किट कितीही पाठवा, मोटर कुठाय?

माझ्या अनुभवाने सांगतो, बोट अडते ती कायम इंजिनावर. ब्रिटनच्या व्हॉस्पर कंपनीच्या टॉर्पेडो बोटींना इटालियन इझोटा फ्रास्किनी इंजिनं लागायची. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली, समोरच्या बाजूने. झालं. ज्याच्याशी लढायचं त्यालाच इंजिनाची ऑर्डर कशी देणार? मग अमेरिकन हॉल-स्कॉट इंजिनं बसवली, बोटी मंदावल्या, पॅकार्डची इंजिनं हातात यायला लागली तेव्हा कुठे वेग परत आला. यार्डात सुतार होते, लाकूड होतं, डिझाइन होतं, तरी बोट आहे तशी देता येईना.

फेअरमाइलचंही तेच. ए टाइपला तीन हॉल-स्कॉट होती, बारा बोटींवर थांबली. बी ला दोनच. वेग कमी झाला पण आहेत तेवढ्या इंजिनांत बोटी दीडपट होतात. सुतारभाऊ, तुमच्या मॉडेलला दोन पंखे आहेत ना, ते त्या टंचाईचे आहेत.

अर्धवट_सुतार | रवि, १३:२२

मी तिसरा पंखा हरवला असं समजून आठवडाभर टेबलाखाली शोधत होतो 😐

जुनंपुराणं | रवि, १८:४७

सगळेजण दुसऱ्या महायुद्धातच अडकलेत म्हणून थोडं मागे नेतो. १९१५. न्यू जर्सीच्या बेयॉनची एल्को कंपनी. हिचं मूळ म्हणजे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तळ्यातून माणसं फिरवणाऱ्या विजेवर चालणाऱ्या ५५ लाँचा. तर ब्रिटिशांनी या कंपनीला पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या मोटर लाँच मागितल्या, आधी ५०, आणि ल्युसिटानिया हे प्रवासी जहाज बुडाल्यावर आणखी ५००. कंपनीने ५५० बोटी ४८८ दिवसांत दिल्या. दिवसाला एकाहून जास्त!

पण गंमत पुढे आहे. अमेरिका तेव्हा तटस्थ. युद्धात असलेल्या देशाला तयार लढाऊ बोट विकता येईना. म्हणून भाग बेयॉनला कापायचे, रेल्वेने कॅनडात पाठवायचे आणि माँट्रिऑल नि क्वेबेकला जोडायचे. मॅकलिनसाहेबांच्या पंचवीस वर्षं आधीचं किट आहे हे, आणि ते हुशारीतून कमी, कायद्याच्या अडचणीतून जास्त जन्माला आलं.

बोंबील_बंडू | रवि, १८:५५

म्हणजे ‘बॉक्समधे सगळं आहे, फक्त बॅटरी वेगळी घ्या’.

शेवंता९ | सोम, १०:०५

छान चाललाय धागा. एक बाळबोध शंका. प्लायवूडची बोट पाण्यात फुगत नाही? आमच्या सिंकखालचं कपाट दोन पावसाळ्यांत पुस्तकासारखं उलगडलं.

अर्धवट_सुतार | सोम, १०:४०

शेवंताताई, बाळबोध अजिबात नाही, अख्खी ग्यानबाची मेख तिथेच आहे. खरा प्रश्न लाकडाचा नाही, डिंकाचा. जुना प्लाय दुधातल्या केसीनच्या नाहीतर तसल्याच नैसर्गिक गोंदाने चिकटवायचे, ओल लागली की पापुद्रे सुटायचे. १९३७ ला इंग्लंडमधे डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांनी एरोलाइट नावाचा कृत्रिम गोंद काढला, मुळात विमानांसाठी. असल्या गोंदांमुळे लाकूड हे पुन्हा ‘नवं’ मटेरियल झालं.

पण त्यामुळे नवीच मारामारी. तोच गोंद, तसलाच प्लाय, तोच फर्निचर करणारा कारागीर विमानवाल्यांनाही हवा. मॉस्किटो हे बॉम्बफेकी विमान लाकडीच होतं! त्यामुळे बोटवाल्याची स्पर्धा शेजारच्या बोटवाल्याशी नाही तर विमान कारखान्याशी.

खारावारा | सोम, ११:१२

लाकडावरून आठवलं. हिगिन्सने युद्धाची चाहूल लागताच फिलिपिन्सचं १९३९ सालचं महोगनीचं अख्खं पीक उचलून ठेवलं होतं. जपानने फिलिपिन्स घेतल्यावर बाकीचे हात चोळत बसले. लाकडाचा व्यापारी होता ना पूर्वीचा. मृदुलाताई, लॉटरी लॉटरी म्हणता, पण तिकीट त्याने आधी काढलं होतं हे तरी माना.

मृदुला_के | सोम, १३:३०

मानलं! पण त्याच हिगिन्सचं दुसरं तिकीट सांगा की. मार्च १९४२ ला त्याला २०० लिबर्टी (मोठ्या मालवाहू) जहाजांचं काम मिळालं, त्यासाठी प्रचंड यार्ड बांधायला घेतलं, आणि जुलैमधे सरकारने पोलाद नाही म्हणून कंत्राट रद्द केलं. चार महिन्यांत! ठोकळेबाजांचा शुक्रवारचा मेल आठवला मला. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांना कोण विचारतो. युद्धात गिऱ्हाईक एकच असतं, सरकार, आणि कच्चा माल देणाराही तोच. त्याने नळ सोडला तर पूर, बंद केला तर दुष्काळ.

ठोकळेबाज | सोम, १३:४१

+१००. हे वाक्य छापून ऑफिसात लावतो.

शेवंता९ | सोम, २१:१५

अजून एक. बोट बांधणं म्हणजे पिढीजात कसब ना, हाताला कळतं फळी कुठे वाकणार ते. मग वीस हजार माणसं आणली कुठून? कलाफती (फळ्यांच्या फटी बुजवणारे) काय झाडाला लागतात?

जुनंपुराणं | सोम, २२:२०

बिनकसबी माणसं आणली आणि काम बारीक चिरलं. एकाने आयुष्यभर फक्त एकाच जागचे स्क्रू मारायचे. हिगिन्सच्या कारखान्यांत बायका होत्या, कृष्णवर्णीय होते, म्हातारे, अपंग, आणि कामाला पगार सारखा. त्या काळच्या अमेरिकन दक्षिणेत ही साधी गोष्ट नव्हती. एरवी ज्यांना यार्डाच्या फाटकातून आत घेतलं नसतं अशांनी त्या वीस हजार बोटी काढल्यात, हे मला सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

कसबी मिस्त्री काय करत होता? साचे बनवत होता आणि इतरांच्या चुका दुरुस्त करत होता. कंटाळला असणार बिचारा.

खारावारा | सोम, २२:५०

शिवाय ती बोट पन्नास वर्षं टिकायची नव्हतीच. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी फिलिपिन्समधे समारच्या किनाऱ्यावर शंभरावर पीटी (म्हणजे टॉर्पेडोवाल्या गस्ती) बोटी ओढल्या, कामाचं सामान काढून घेतलं आणि पेटवून दिल्या. लाकडी बोट सांभाळून घरी नेण्यापेक्षा जाळणं स्वस्त. मी फोटो पाहिलाय तो, इंजिनरूमवाल्या माणसाला बघवत नाही.

अर्धवट_सुतार | सोम, २३:०५

इथे एक एक पंखा शोधताना जीव जातोय आणि हे लोक...

दर्यावर्दी_२ | मंगळ, ०८:५०

जपानची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून. ते पुढचं पडणारं दार मुळात त्यांचं! १९३७ ला शांघायजवळ व्हिक्टर क्रुलाक या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने जपानी दाइहात्सु बोटींचे फोटो काढून पाठवले होते. १९४१ पर्यंत हिगिन्सच्या बोटीतून सैनिक कडेवरून उड्या मारायचे, तो फोटो दाखवल्यावर दार बसलं.

आणि त्याच जपानने शेवटी काय बनवलं, तर शिन्यो. प्लायवूडची छोटी बोट, मोटारगाडीचं इंजिन, पुढे स्फोटकं, एक माणूस. एकेरी प्रवास. सहा हजारांच्या आसपास बनवल्या. नगांत मोजलं तर हेही ‘उत्पादन वाढलं’च.

बोंबील_बंडू | मंगळ, ०९:०२

यावर विनोद सुचत नाहीये.

मृदुला_के | मंगळ, १४:१०

परत मूळ प्रश्नाकडे येते, नाहीतर धाग्याचा काश्मीर होईल. सुतारभाऊ, तुम्ही ‘बोटी जास्त की कमी’ विचारलंत. समजा एक यार्ड आहे, युद्धाआधी तिथे वीस फुटी, तीस फुटी होड्या व्हायच्या. युद्धात तिथे ११२ फुटी फेअरमाइल उभी राहिली. शेडचं दार काढलं असेल, भिंत पाडली असेल. आता वर्षात नग कमी निघणार, पण लाकूड, मजुरी, पैसा सगळं कितीतरी पट. नगांत मोजाल तर घट, टनांत मोजाल तर वाढ, आणि स्वतःच्या नावाच्या बोटी मोजाल तर शून्य.

तो शेवटचा आकडा मला युद्धानंतरचं बरंच काही सांगतो. इंग्लंडमधल्या हाइथची ब्रिटिश पॉवर बोट कंपनी, म्हणजे ज्यांच्या जलद बोटींवर लॉरेन्स ऑफ अरेबियाने हवाई दलात असताना काम केलं होतं, ती १९४६ ला बंद. जुनंपुराणं यांची एल्को १९४९ ला बंद. सरकार वापरलेल्या बोटी स्वस्तात विकत होतं, त्यात लोक संसार थाटून राहायला लागले, नवी कोण घेणार? पेट्रोल रेशनवर, लाकूड परवान्यावर.

जुनंपुराणं | मंगळ, १६:३५

सहमत, पण सगळेच मेले नाहीत. फेअरी ही विमान कंपनी, तिच्याकडे पातळ लाकूड साच्यावर ठेवून मोठ्या भट्टीत वाफेच्या दाबाने चिकटवायचं तंत्र आलेलं. युद्ध संपल्यावर त्यातून १९४६ ला ‘फायरफ्लाय’ ही १२ फुटी शिडाची होडी काढली, डिझाइन उफा फॉक्स यांचं, आणि १९४८ च्या ऑलिंपिकमधे ती वापरली. हेच फॉक्स युद्धात काय करत होते? बुडालेल्या वैमानिकांसाठी विमानातून हवाई छत्रीला बांधून टाकायची लाकडी लाइफबोट. १९४३ पासून ती खरोखर टाकली गेली. त्या होड्यांचे नग फार नसतील हो, पण समुद्रात भिजत बसलेल्या माणसाला विचारा उत्पादन पुरेसं होतं का.

आणि ग्रमन, लढाऊ विमानं करणारी. त्यांचा एक अधिकारी १९४४ ला जंगलात जड कनू (वल्ह्याची निमुळती होडी) उचलून वैतागला आणि १९४५ पासून ग्रमनने विमानाच्या ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या. म्हणजे शांततेत लाकडी होडीवाल्यांच्या पोटावर पाय आणला तो विमानवाल्यांनी. आधी त्यांचा प्लाय पळवला, मग गिऱ्हाईक.

ठोकळेबाज | मंगळ, १७:००

आमच्याकडे याला ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’ म्हणतात.

शेवंता९ | मंगळ, १९:२२

वाचनखूण साठवली. नवऱ्यालाही वाचायला दिलाय, तो म्हणतो सिंकखाली एरोलाइट लावू.

दर्यावर्दी_२ | मंगळ, २०:०८

सुतारसाहेब, जाता जाता: फेअरमाइल बी रॉयल इंडियन नेव्हीकडेही होत्या, ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर खाड्यांतून फिरल्या. मॉडेलला तो रंग द्या की, ब्रिटिश तर सगळेच करतात.

अर्धवट_सुतार | बुध, २३:४०

सगळ्यांना दंडवत. प्रश्न विचारला तेव्हा ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ असं एका शब्दाचं उत्तर घेऊन झोपायला जाईन असं वाटलं होतं. आता असं झालंय की मॉडेलकडे बघितलं की प्रत्येक भाग कशाच्या ना कशाच्या टंचाईमुळे तसा आहे हेच दिसतं: चौकटी प्लायच्या कारण चांगला मिस्त्री मिळेना, पंखे दोन कारण इंजिनं पुरेनात. मृदुलाताईंचा ‘स्वतःच्या नावाच्या बोटी शून्य’ वाला मुद्दा मात्र पचायला जड जातोय. त्या यार्डवाल्याने रोज सकाळी शेड उघडताना काय विचार केला असेल, खूष असेल की नाही, हे कुठल्याच आकड्यात सापडत नाही.

दर्यावर्दी, आराकानचा रंग पक्का. काल रात्री डेक चिकटवला, आज सकाळी त्याची एक कड उचकटलेली. माझा गोंद केसीन निघाला बहुतेक.

बोंबील_बंडू | बुध, २३:४४

ते ठीक, पण टेबल मोकळं झालं का?

अर्धवट_सुतार | बुध, २३:५२

नाही रे. फेअरमाइल डी चं किट मागवलंय. ११५ फुटी, चार पॅकार्ड. सौ.ना अजून सांगितलं नाहीये, कुणी इथली लिंक पाठवू नका.